पहिल्यापासून सांगा

समुपदेशक ताईंना, नमस्कार.

तक्रार गंभीर आहे. दवाखान्यातल्या तुमच्या खोलीच्या दारावर नाव आता खडूनं लिहू लागलेत, त्यामुळे जरा टेकलं की माझा शर्ट पांढरा होतो. रंगानं लिहिणं परवडत नाही म्हणे. रंग वाळेपर्यंतही माणूस टिकत नाही.

तुम्ही नोकरी सोडल्यावर तुमच्या जागी एकामागून एक तिघं आले. प्रत्येकानं माझ्या धाकट्या भावाला फर्मावलं, "पहिल्यापासून सांगा." जीव नकोसा का झाला, ते पहिल्याला त्यानं रडतरडत सांगितलं, दुसऱ्याला निम्मंच. तिसऱ्याला म्हणाला, "दादाला विचारा, त्याचं पाठ आहे." आता खोलीला कुलूपच आहे. कारकून म्हणतो, "जाहिरात दिलीय हो, पण या पगारात येतंय कोण?"

धाकटा घरीही बोलेनासा झालाय. काल मी त्याच्या खोलीची आतली कडी उचकटून काढली.

तुम्ही गेलात ते बरंच केलंत. दिवसभर जगाची रडगाणी ऐकणाऱ्या बाईचं कोण ऐकणार? म्हणूनच हे पत्र टाकणार नाही.

फक्त एक उत्तर द्यायचं राहिलंय. एकदा निघताना तुम्ही विचारलंत, "आणि दादा, तुम्ही कसे आहात?" मी हसून म्हणालो, "मी नुसता सोबतीला येतो."

मी बरा नाही, ताई.

आपला,
सोबतीला येणारा