बॅलट म्हणजे काय

श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न

सोलापूर, ता. ३ फेब्रुवारी १९३५

चि. सोमलिंग यास अक्काचे अ. उ. आशीर्वाद. आम्ही सर्व खुशाल. तुझी खुशाली दोन आठवडे कळली नाही. वकील व्हायच्या आधीच तुझ्या शाईला किंमत आली की काय?

गड्ड्याची जत्रा झाली. माझ्या सिद्धम्माने काचेच्या बांगड्या मागितल्या नाहीत, पाटी-पेन्सिल मागितली. पोर लई हुशार आहे. चैत्रात चौथी होईल आणि मग घरी बसेल, कारण आमच्या पेठेच्या शाळेत मुलींना पुढचा वर्ग नाही. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. म्युनिसिपालिटीची निवडणूक आहे. मामंजींनी हे घर माझ्या नावावर केलेलं, म्हणून मतदारांच्या यादीत माझंही नाव आलंय. तुझ्या दाजींचे दोस्त ईरप्पा उभे आहेत. यांनी त्यांना आमच्या घरची दोन मतं कबूल केली, मला न विचारता. ईरप्पा म्हणतात, मुलींना इंग्रजी शिकवून काय करायचं. समोर कुंडलिक मास्तर आहेत. निवडून आले तर पेठेतच मुलींचा इंग्रजी वर्ग काढीन म्हणतात. ते परवा देवळात आम्हा बायकांना सांगत होते की मत 'बॅलट'ने द्यायचं असतं, कुणाला काही कळत नाही. मी पुढे विचारलं तर ते म्हणाले, इंग्रजी शब्द आहे, त्याचा अर्थच तसा आहे.

अर्थ तसा म्हणजे कसा? हा शब्द कुठून आला, कुठे कुठे वापरतात, आणि कुणाला कळत नाही म्हणजे घरच्यांनाही कळत नाही का, हे मला नीट लिही. तुझ्याकडे जाडजूड कोश आहे ना. मात्र पाकिटातून लिही. पत्रं यांच्या दुकानाच्या पत्त्यावर येतात, हे तुला सांगायला नको.

सासूबाईंनी आशीर्वाद सांगितला आहे. थंडीत कानाला रुमाल बांधत जा आणि अक्काची आठवण ठेवत जा.

तुझी,
दाक्षायणी

---

पुणे, ता. ७ फेब्रुवारी १९३५

ती. अक्कास सोमलिंगचे शि. सा. न. वि. वि. पत्र पावले. परीक्षा जवळ आली आहे, पाकिटं संपली आहेत, म्हणून हाताशी होतं ते कार्ड टाकतो.

बॅलट हा शब्द इटलीतून आला. अर्थ, लहान गोळी. तिकडे पूर्वी भांड्यात गोळी टाकून मत देत. मंडळ्यांमध्ये नवा माणूस घ्यायचा तर पांढरी गोळी म्हणजे होय, काळी म्हणजे नको. पुढे गोळी गेली, कागद आला, नाव तेच राहिलं. आता त्या कागदालाही बॅलट म्हणतात आणि तशा मतदानालाही. गंमत अशी की खुद्द इंग्लंडात साठ-बासष्ट वर्षांपूर्वीपर्यंत मत सर्वांदेखत तोंडाने सांगावं लागे. जमीनदार समोर उभा असे, कुळाची काय बिशाद. मग कायदा झाला. म्हणजे गुप्तपणा शब्दात नाही, तो लोकांनी भांडून त्यात घातला. मास्तरांना सांग.

तू आडोशाला जाऊन फुली करायचीस, कागदाची घडी घालून पेटीत टाकायचीस. दाजींनाही कळणार नाही. तेव्हा मास्तरांना खुशाल मत दे. जागा संपली. सर्वांस यथायोग्य. कृपा आहेच, ती वाढवावी.

सोमलिंग

---

सोलापूर, ता. १२ फेब्रुवारी १९३५

चि. सोमलिंग यास आशीर्वाद. गुप्त मतदानाचा अर्थ उघड्या कार्डावर लिहिणारा वकील अख्ख्या पुण्यात तू एकटाच असशील.

कार्ड दुकानात आलं. दिवाणजींना कुठलंही कार्ड मोठ्याने वाचायची खोड. सुताचे गठ्ठे बघायला आलेली चार गिऱ्हाइकं होती आणि गादीवर चहा पीत ईरप्पा बसले होते. शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचून झाल्यावर दिवाणजींच्या लक्षात आलं म्हणे. हे मला शेजारच्या बजाबाईंनी सांगितलं, आणि त्यांना तरी कुणी सांगितलं देव जाणे.

हे घरी आले, कार्ड कोनाड्यात ठेवलं, भाकरी खाल्ली, गेले. तीन दिवस झाले, त्या विषयावर एक अक्षर नाही. रागावले असते तर बरं होतं. यांनी कधी माझ्यावर हात उगारला नाही, पण यांच्या गप्प राहण्याची मला लई भीती वाटते.

आणखी एक अडचण. मास्तर म्हणतात, कागद देण्याआधी तिथला अधिकारी नाव विचारतो, आणि बायकांना नवऱ्याचंही. लग्नाला सतरा वर्षं झाली, मी यांचं नाव कधी घेतलेलं नाही. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा नाव गिळून गडबडीने उरकलं होतं. सासूबाई सोबत येणार आहेत. त्यांच्यासमोर, परक्या पुरुषासमोर, नाव कसं घेऊ? त्यांनी सांगितलं तर चालेल का? तुझ्या कायद्यात काही वाट असली तर कळव. मतदान वीस तारखेला आहे. जाऊ नये असंही मनात येतं. मग सिद्धम्मा पाटी घेऊन बसलेली दिसते.

कान झाकत जा. रागावले आहे, तरी जीव आहे तो आहेच.

दाक्षायणी

---

पुणे, ता. १५ फेब्रुवारी १९३५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि. चुकलो. हे पाकीट मित्राकडून मागून आणलं आहे. दाजींनाही वेगळं क्षमापत्र टाकतो आहे.

दोन पुस्तकं पाहिली, एका वकिलांनाही विचारलं. ते म्हणाले की ज्याचं मत त्यानेच आपली ओळख सांगायची, सासूने सांगून भागत नाही. मला वाट सापडली नाही. मी सातासमुद्रापलीकडची गोळी शोधून आणली, पण आपल्याच घरातली ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, याची लाज वाटते. जायचं की नाही ते तू ठरव. गेलीस तरी आणि न गेलीस तरी मी तुझाच आहे, माया कमी करू नकोस.

सोमलिंग

---

सोलापूर, ता. २४ फेब्रुवारी १९३५

चि. सोमलिंग यास विरुपाक्षचा आशीर्वाद. तुझं क्षमापत्र पावलं. उत्तर मुद्दाम कार्डावर लिहितो. आमच्या घरचं आता गावाला ठाऊक नाही असं काही उरलेलं नाही.

कार्डाचा राग मला आला होता, खोटं का बोलू. पण ईरप्पा म्हणाला, मतदानादिवशी घराला बाहेरून कडी घाल. मी म्हणालो, घर तिच्या नावावर आहे, कडी घालणारा मी कोण? तेव्हापासून तो दुकानावरून जातो पण वर बघत नाही.

वीस तारखेला मीच तिला आणि आईला टांग्यातून शाळेत मतदानाला नेलं. पुरुषांची रांग शेजारीच होती. अधिकाऱ्याने तिचं नाव विचारलं, तिने सांगितलं. मग नवऱ्याचं विचारलं. आई मागून पदर ओढत होती. अधिकाऱ्याने यादी मिटून पुढच्या बाईला बोलावलं. तेव्हा ती बोलली. विरुपाक्ष निंगप्पा शेटे, एकेक अक्षर सुटं, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं. सतरा वर्षांत मी माझं नाव तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा फुली कुठे करायची ते मला थोडा वेळ सुचेना.

कुंडलिक मास्तर नऊ मतांनी पडले. पेठेत वर्ग निघणार नाही. घरी येऊन जेवताना मी तिला विचारलं, मत कुणाला दिलंस. तिने भाकरी वाढली आणि म्हणाली, बॅलट. मग तिने मला विचारलं. मीही तेच म्हणालो. आई विचारते, दोघं मिळून कसलं नाव घेता, आणि ही पदराआड हसते.

दुसऱ्या पेठेत मुलींची इंग्रजी शाळा आहे. लांब आहे, पण जूनपासून सिद्धम्मा तिथे जाईल. तिच्यासाठी इंग्रजी पहिलीचं पुस्तक पुण्याहून पाठव. ते दुकानाच्याच पत्त्यावर पाठव. दिवाणजींना इंग्रजी वाचता येत नाही, पण पुडकं मी गिऱ्हाइकांसमोर फोडीन.

विरुपाक्ष