दिवस आधी, मग महिना

प्रिय भुंग्या,

सकाळपासून कानात खडूची किरकिर घुमते आहे. फळ्याच्या कोपऱ्यात मी तारीख लिहायचो आणि पहिल्या बाकावरून, बापाच्याच वर्गात, तू मोठ्याने म्हणायचास, दिवस आधी, मग महिना, मग वर्ष. मग सगळा वर्ग कविता म्हणायचा, आणि खिडकीतलं आभाळ ऐकायला खाली वाकल्यासारखं वाटायचं.

पुढे तू परदेशी गेलास, संगणकातल्या तारखांचा कारागीर झालास. आम्हाला कॅलेंडर बसवून दिलंस आणि बजावलंस, बाबा, फोनवरचं माझ्या डोक्यात राहत नाही, सगळं यात टाका. म्हणून आईच्या ऑपरेशनचा दिवस मी त्यात टाकला, सात मे. त्याखाली तुझं उत्तर उमटलं, नक्की येतो. मी फोन करून खात्री करणार होतो. आई म्हणाली, उगाच भुणभुण नको, त्याने पाहिलंय ना. स्ट्रेचरवरसुद्धा तिची मान दाराकडेच होती. ती गेल्याचं मी कळवलं तेव्हा समजलं, तू तिकीट पाच जुलैचं काढून बसला होतास. आता धावत येऊन काय उपयोग, हेही तूच म्हणालास.

वर मला समजावलंस. संगणक तारीख तारखेसारखी ठेवतच नाही म्हणे. एका ठरावीक क्षणापासून किती सेकंद गेले, तो एकच लांबलचक आकडा आत असतो. दाखवताना तो त्या त्या देशाच्या रीतीने मांडतो. तुझ्याकडे महिना आधी, म्हणून ५/७. घरचं काम म्हणून तू ते घरच्या रीतीने, दिवस आधी धरून वाचलंस. आतलं बरोबरच होतं, बाबा, म्हणालास. पत्र लिहायचं विसरलास, आईच्या हातची चव विसरलास. लक्षात राहिलं ते नेमकं माझं शिकवणं. तीही तुझी बाजू घेऊन हेच म्हणायची, त्याच्या आत सगळं आहे हो, दाखवता येत नाही एवढंच. अरे, कविता मनात पाठ असून भागत नाही. उभं राहून म्हणावी लागते.

आता कळवतोस, तिकीट आहेच तर पाच जुलैला येतो. त्यासाठीच हे पत्र. येऊ नकोस. तुझी वाट पाहायचा दिवस या घरात होऊन गेला.

बेल वाजली. दूधवाला असेल म्हणून उठलो, तर जाळीपलीकडे तू. अजून जून सरायचाय. हातातली बॅगही खाली ठेवली नाहीस. दार उघडतो, पण आधी सही करतो. तिने एवढी वाट पाहिली, तूही घटकाभर पाहा.

तुझेच,
बाबा