ओढ की ओढा

२२ नोव्हेंबर

काल ऋषीचं तेरावं झालं. आज पाव्हणे गेले, घर रिकामं झालं आणि मला पहिल्यांदा राग आला. रडू नाही — राग!

माझा धाकटा भाऊ कळंबच्या साठ फुटी विहिरीत काठावरून सूर मारायचा आणि तळाचा गाळ मुठीत आणून दाखवायचा. तो बुडतोच कसा?

२३ नोव्हेंबर

सासरी कन्हेरीला परत आले. लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जाईल.

रत्नागिरीच्या पुढं, फाट्यापासून चार किलोमीटर कच्ची वाट. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. पाटी नाही, जीवरक्षक नाही, मोबाइलला रेंज नाही. डावी-उजवीकडं डोक्याएवढ्या लाटा फुटत होत्या, मधे एक पट्टा तेवढा शांत. आमची विहिरीवरची अक्कल — पाणी निवांत असेल तिथं उतरावं. ऋषी तिथंच उतरला. तो पट्टाच त्याला आत घेऊन गेला. तो आमच्याकडं तोंड करून हात मारत होता आणि लांब लांब जात होता.

आदल्या संध्याकाळी आमचे हे, राजवर्धन, फाट्यावरच्या शहाळीवाल्या म्हाताऱ्याला पाण्याचं विचारून आले होते. तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हातारा म्हणला तितं ओढ हाय. मी ओढा ऐकलं. वाटलं, आपल्याकडच्यावानी गुडघाभर पाणी आसंल."

विजयसिंहमामांनी सोडलं नाही. "येवढं शिकलाय तुमी जावई, आन् समुद्रात कुठं ओढा आसतुय व्हय?" हे मान खाली घालून बसले. मला कीव आली होती. कीव!

२६ नोव्हेंबर

जिथं मुक्कामाला होतो त्यांच्याकडून म्हाताऱ्याचा नंबर मिळवला.

"ओढा कसं ऐकतील हो? मी हाताने खेचून दाखवलं त्यांना. तिथे पाणी माणसाला आत नेतं म्हटलं. ते म्हणाले, समजलं काका."

समजलं. म्हणजे कानांची चूक नव्हतीच. माहीत असून माझ्या भावाला सांगितलं नाही, आणि वर ओढ्याची गोष्ट रचली.

२७ नोव्हेंबर

विचारलं. "व्हय, समजलं हुतं." एवढंच. मग का नाही सांगितलंत? तोंडाला कुलूप.

नऊ वर्षं या माणसाच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवला. बॅग भरली, कन्हेरी सोडली आणि माहेरी आले. आई-आबांना सगळं सांगितलं. आई भिंतीला टेकून खाली बसली.

१ डिसेंबर

हे आले होते. आबांनी दारातूनच परतवलं. "ह्या उंबऱ्याला परत पाय लावायचा न्हाय." हे उन्हात रस्त्यापलीकडं तासभर गाडीपाशी उभे होते. मी खिडकी लावून घेतली.

२ डिसेंबर

घटस्फोटाचं वकिलांना विचारायचं ठरलं. आबा सोबत येणार आहेत.

४ डिसेंबर

सकाळी म्हाताऱ्याचाच फोन.

"बाय, एक सांगायचं राहिलं, जिवाला चैन नाही. त्या दिवशी दोघं होते. तुझा भाऊसुद्धा होता. मी सांगितलं तर हसला. म्हणाला, 'दाजी, ताईला बोलू नका, ती मला पाण्याला शिवू द्यायची नाही.' तुझे यजमान नको नको म्हणत होते. त्याने आईची शपथ घातली त्यांना."

फोन ठेवला. आई आतून विचारत होती, कुणाचा गं?

म्हटलं, कुणाचा नाही.