घंटेचा मनोरा

१२ जानेवारी
ति. ताईस, सा. न. वि. वि.
तुझ्या हातचं जेवून परतलो, पण तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही म्हणून लिहितोय. तुमच्या ऑर्थोडॉक्स चर्चची मूळ बांधणी क्रुसाच्या आकाराची, मधोमध चार खांबांवर घुमट. घंटेचा मनोरा बऱ्याच वर्षांनी कोणा हौशी व्यापाऱ्याने पश्चिमेच्या दारावर चढवला. पायाला तो भार पेलत नाही. भिंत बाहेर झुकलीय, तडा घुमटापर्यंत पोचलाय. मनोरा उतरवला तरच घुमट वाचेल. चर्चचे लोक माझ्यासारख्या इंजिनियरचं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. समजाव त्यांना.
रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

२० जानेवारी
चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.
ह्यांनी जन्मभर ती घंटा वाजवली. हे गेल्यापासून तिच्या आवाजानेच माझी सकाळ उजाडते, आणि तू म्हणतोस मनोरा उतरवा! लहानपणी माझं घड्याळ खोललंस, ते अजून जोडतोयस. रविवारी मी सगळ्यांसमोर सांगितलं, मनोऱ्याला हात लावू देणार नाही. फादरनीही ते मानलं. दुसरा काहीतरी उपाय शोध.
जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी ताई

२ फेब्रुवारी
ति. ताईस, सा. न.
दाजींचं नाव काढलंस, आता मनोरा उतरवा म्हणणार नाही. लोखंडी पट्ट्यांनी मनोरा आवळून घेतोय. घुमटाची खात्री मात्र देत नाही. त्याच्याखाली कोणाला उभं राहू देऊ नका, एवढं तरी ऐक.
तुझा धाकटा

९ एप्रिल
चि. धाकट्यास,
काल सकाळी घुमट कोसळला. तू घुमटाखालची जागा दोरी बांधून बंद करून घेतली होतीस म्हणून खाली कोणी नव्हतं. चारी खांब उभे आहेत, वर नुसतं आकाश. घुमटात रंगवलेल्या ख्रिस्ताच्या चेहऱ्याचे तुकडे फादर ओंजळीने गोळा करत होते. मी पुढे झाले, तर म्हणाले, तुम्ही घरी जा, बाई. रागाने नाही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.
मनोरा जागच्या जागी आहे. आज घंटाही वाजली. मी खिडकी लावून घेतली.
माणसांनी आत यावं म्हणून घंटा असते, असं हे म्हणायचे. आज हे असते तर मनोरा उतरवायला स्वतः आधी चढले असते. तुझं पहिलं पत्र वाचतानाच मला ते कळलं होतं, रे.
जमेल तेव्हा ये. मला एकटीला आत जाववत नाही.
तुझी ताई