रोजची पाच मिनिटं

द्वारका, मंगळवार संध्याकाळ

बाबांची गाडी आज प्रदूषण तपासणीत नापास झाली. मेकॅनिक म्हणाला, "कन्वर्टर गया. गाड़ी चली कम है, खड़ी-खड़ी स्टार्ट ज़्यादा हुई है." धूर साफ करणारा तो भाग नीट तापलाच नाही, तर काजळीने भरत जातो म्हणे.

म्हणजे बाबांची ती पाच मिनिटं. वारले त्याच्या आदल्या दिवसापर्यंत रोज सकाळी खाली जाऊन गाडी चालू करायचे. "बॅटरी उतरेल रे," म्हणायचे. आणि मी, "रविवारी लांब चक्कर मारू, बिल्कुल." असे किती रविवार गेले?

ती पाच मिनिटं मला बाल्कनीतून दिसायची. गाडी चालू करून बाबा उतरायचे, वळसा घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसायचे. का, ते मी कधी विचारलं नाही. चालवणाऱ्याची सीट ते माझ्यासाठी रिकामी ठेवायचे.