अळंबीतलं जोडवं

आई, तुझ्या त्या जोडव्याचा मला आता संशय यायला लागलाय.

परवा मावशीनं माहूरहून पिशवीभर अळंबी पाठवली आणि फोनवर बजावलं, "चांदीचं जोडवं टाक भाजीत. काळं न्हाई पडलं तर बिनघोर खा. तुही माय तेच करायची." हाव, करायची. हदगावच्या पत्र्याच्या घरात तू पायातलं जोडवं काढतेस, राखेनं घासतेस, रटरटणाऱ्या भाजीत सोडतेस आणि आम्ही दोघं भावंडं चुलीपुढं डोळे फाडून बघून राहिलोत. वारुळावरची ती खायची, उकिरड्यावरची ती कुत्र्याची छत्री, एवढ्या दोनच जाती तुला ठाऊक.

मी नांदेडच्या कॉलेजात बुरशीच शिकवते. अळंबी म्हणजे बुरशीचं फळ समज. खरा जीव खाली मातीत धाग्याधाग्यानं पसरलेला. ती वनस्पती नव्हे. हिरवेपणा नाही, स्वतःचं अन्न स्वतः करत नाही, आणि गणगोत लावायला गेलं तर झाडापेक्षा जनावरांच्या जवळची. मटणासारखी लागते म्हणायचीस, तेवढं बरोबर जमलं होतं तुला. पण चांदीचं काही खरं नाही. जीवघेण्या अळंबीतसुद्धा जोडवं लख्ख राहतं. वर ते विष लगेच बोलत नाही, रात्री खाल्लेलं कधी कधी दुसऱ्या दिवशी उठतं.

इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. तू भाजी संध्याकाळी करायचीस आणि एकटीच खायचीस. बाबा कामासाठी बाहेरगावी, आम्हाला पिठलं. "शिळीच चांगली मुरते, उद्या दुपारी देते," म्हणायचीस. मुरते कसली, डोंबल! मावशीला सरळ विचारलं, आई आम्हाला दुसऱ्या दिवशीच का द्यायची गं? ती म्हणाली, "आता काहून उकरून राहिली ते?" आणि फोन ठेवला. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. जोडवं नुसतं आमची समजूत काढायला. पारख तू स्वतःवर करत होतीस. राग येतो आई, लई राग येतो. एखाद्या सकाळी तू उठलीच नसतीस तर आम्ही काय केलं असतं?

मावशीची पिशवी मी फेकून दिली. आणि ऐकायला तू नाहीस म्हणूनच सांगते, ती शिळी भाजी मला कधीच आवडली नाही. तू समोर बसून बघत राहायचीस, म्हणून ताट पुसून खायचे.