शिडीवरचे बाबा

मिनेसोटा, २७ फेब्रुवारी १८९९

प्रिय आईस राग्नाचा प्रेमाचा नमस्कार,

तुझा खोकला कसा आहे? माझं एक बोट सुजलंय, पण लिहिता येतं.

बाबा उद्या निघतील, एकटेच. ते स्वतः काही सांगायचे नाहीत, म्हणून हे पत्र.

इथे कॉलेजात मुली विजारी घालून धावतात असं चर्चमध्ये ऐकून ते मला परत न्यायला आले. माझी ट्रंकही त्यांनी दोरीने बांधली. जूनमध्ये आपल्या घरातली पहिली पदवी आहे, म्हटलं, तरी ऐकेनात.

शनिवारी बास्केटबॉलचा सामना होता, मी कर्णधार. मुलींच्या खेळाला पुरुषांना मज्जाव, त्यामुळे बाबांना दारातच अडवलं. पण आमच्या टोपलीला बूड असतं. गोल झाला की शिडी चढून चेंडू काढावा लागतो, आणि म्हातारा शिपाई ओले नेमका कंबर धरून बसलेला. "सुतार ना तुम्ही? मग चढा!" म्हणत त्याने शिडी बाबांच्या खांद्यावर दिली.

आम्ही अकरा गोल केले, त्यांतले नऊ माझे. बाबा अकराही वेळा चढले. सातव्या वेळी वरूनच ओरडले, "पोरी, म्हाताऱ्याला जरा दम खाऊ दे की!"

आई, पदवीनंतर मला हा खेळ गावोगावच्या मुलींना शिकवायचाय. धावणारी मुलगी सहसा घाबरत नाही.

आज सकाळी बाबांनी ट्रंकेची दोरी सोडली. ओले म्हणाला, "जाण्याआधी टोपलीचं बूड तेवढं कापून द्या, कटकट मिटेल."

"असू दे," बाबा म्हणाले. "बूड कापलं तर पुढच्या सामन्याला मला आत कोण घेईल?"

तुझीच,
राग्ना